पहिल्याच दिवशी वकील गाठा

घरातल्या माणसाला अटक झाली की बहुतेक कुटुंबं आधी ओळख शोधतात. कुणाचा मेहुणा पोलिसात आहे, नगरसेवकाकडे कुणाची ऊठबस आहे, साहेबांना फोन कोण करू शकेल. वकील सगळ्यात शेवटी आठवतो. तोवर दोन-चार दिवस गेलेले असतात. रिमांड होऊन गेलेला असतो, पंचनामे झालेले असतात आणि घाबरलेल्या माणसाने पुढे आलेल्या कागदांवर सह्या केलेल्या असतात. मी जिल्हा न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभी राहते. हरलेल्या खटल्याची फाइल शेवटाकडून मागे चाळत गेलं, तर हातची गेलेली गोष्ट पुष्कळदा त्या पहिल्या चार दिवसांतच सापडते. म्हणून माझी विनंती आहे : आरोप खरा असो, खोटा असो, अर्धामुर्धा खरा असो, वकील पहिल्याच दिवशी गाठा आणि खटला संपेपर्यंत त्याच्याबरोबर तुम्हीही काम करा.

अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. फक्त प्रवासाचा वेळ त्यातून वगळतात. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ने दिला आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८प्रमाणे चौकशी चालू असतानाही वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही, पण भेट नाकारता येत नाही. अटकेची खबर घरच्यांना द्यावी लागते. अटकेची कारणंही सांगावी लागतात, आणि २०२५मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हा कोणताही असो, ही कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. अगदीच तातडी असेल तर उशीर चालेल, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. तो कागद वाचून पोलीस कोठडीला विरोध करायला वकिलाला वेळ मिळावा, यासाठीच हे दोन तास आहेत. वकीलच नसेल तर त्या दोन तासांचा उपयोग कोण करणार?

पहिल्या हजेरीला न्यायाधीश आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ ज्याच्या शेजारी अजून तेच पोलीस उभे आहेत आणि ज्याला पुन्हा त्यांच्याच गाडीतून जायचं आहे, तो मान हलवून ‘नाही’ म्हणतो. ते ‘नाही’ कागदावर येतं. सहा महिन्यांनी मारहाणीची गोष्ट काढली की सरकारी वकील तोच कागद दाखवतात. वकील आधी दहा मिनिटं भेटलेला असेल तर माणूस बोलतो, अंगावरचे वळ दाखवतो आणि वैद्यकीय तपासणीचा आदेश मागता येतो.

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे खरं आहे. पण त्याच निवेदनातून हत्यार किंवा चोरीचा माल निघाला, तर तेवढा भाग न्यायालयात येतो आणि कित्येक खटले त्या एका निवेदन पंचनाम्यावर उभे असतात. म्हणून ‘सही कर, काही होत नाही’ यावर विसंबू नका. कोऱ्या कागदावर सही नाही. न वाचलेल्या कागदावरही नाही. हे आरोपीला जेवढं लागू, तेवढंच ठाण्यात बसवून ठेवलेल्या त्याच्या भावाला आणि वडिलांना.

वकील मिळाला की त्याला खरं सांगा. न्यायाधीशाला सांगावी तशी सजवलेली हकिकत वकिलाला सांगणारे लोक मी फार पाहते. ‘आमचा मुलगा तिथे नव्हताच,’ असं आई सांगते, वकील त्यावर बचाव उभा करतो, आणि दोषारोपपत्र आल्यावर समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मुलगा स्पष्ट दिसतो. तो तिथे होता, पण त्याने मारलं नाही, हा खरा बचाव होता. तो पहिल्याच अर्जात गमावला. तुम्ही वकिलाला त्याच्या कामासाठी सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते, कायदा तिला संरक्षण देतो. मात्र पुढे कुठला गुन्हा करायचा म्हणून त्याची मदत मागितली, तर ते संरक्षण नाही. अशिलाने गुन्हा केल्याचं वकिलाजवळ मान्य केलं तरी वकील त्याला सोडून जात नाही. सरकार पक्षाचा पुरावा तो तेवढ्याच काटेकोरपणे तपासू शकतो. फक्त खोटा साक्षीदार त्याने उभा करायचा नाही, आणि तुम्ही तो शोधून आणायचाही नाही. फिर्यादीच्या साक्षीदाराच्या घरी ‘समजावायला’ जाणंही तसंच. त्या एका भेटीने मिळालेला जामीन रद्द होतो आणि नवा गुन्हा अंगावर येतो.

मग घरच्यांनी काय करायचं? पुरावा जपायचा. दुकानं आणि सोसायट्यांचे कॅमेरे जुनं चित्रण काही दिवसांत पुसून त्यावर नवं घेतात. तुमचा माणूस त्या वेळी पेट्रोल पंपावर होता असं तुम्ही म्हणत असाल, तर ते चित्रण राखून ठेवण्यासाठी वकिलाकडून त्याच आठवड्यात अर्ज करवून घ्या. मोबाइल कंपनीची नोंद, टोल नाक्याची नोंद, कारखान्यातलं हजेरीपुस्तक, दवाखान्याची चिठ्ठी, एसटीचं तिकीट यांतलं काहीही आपोआप न्यायालयात पोचत नाही. फोनमधले संदेश दुसऱ्याला पाठवून मूळ फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि मूळ यंत्र नसेल तर ते देणं अवघड होतं. जागेचे फोटो काढा, पण जागा बदलू नका. जे आठवतं ते तारीख-वेळेसह वहीत लिहा आणि वही वकिलाकडे द्या. गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यातलं अक्षरही टाकू नका.

कॅलेंडरवर एक दिवस ठळक करून ठेवा. आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची, बाकी गुन्ह्यांत ६० दिवसांची. काही विशेष कायद्यांत ती वेगळी असते, ते वकिलाला विचारा. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजायचं. हा जामीन मागावा लागतो, न मागता कुणी देत नाही. आणि मुदत संपूनही अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर हक्क गेला. एका दिवसाच्या गाफीलपणाने माणूस आत राहिलेला मी पाहिला आहे. वकिलाकडे शंभर प्रकरणं असतात. तुमच्याकडे एकच आहे. आदल्या आठवड्यात त्याला फोन करून आठवण द्यायला संकोचू नका.

आता उलटतपासाकडे येते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

सिनेमात वकील ओरडतो, साक्षीदार घामाघूम होतो आणि सगळं कबूल करतो. कोर्टात मागच्या बाकावर बसलेले नातेवाईक त्याचीच वाट पाहतात. आपला वकील शांतपणे आठ-दहा प्रश्न विचारून खाली बसला की बाहेर येऊन म्हणतात, ‘मॅडम काही बोलल्याच नाहीत.’ समजा, रात्री नऊला गावात मारामारी झाली आणि साक्षीदार सांगतो की खांबावरच्या दिव्याच्या उजेडात मी आरोपीला ओळखलं. आरोपीच्या चुलत्याला आठवतं की त्या आठवड्यात डीपी जळाली होती आणि गावठाण अंधारात होतं. चुलत्याने हे वकिलाला सांगितलं, वकिलाने महावितरणच्या उपकेंद्रातली नोंद मागवून घेतली. आता साक्षीदाराला काय विचारायचं? ‘लाइट नव्हती, मग तुम्ही पाहिलं कसं?’ हा प्रश्न गॅलरीला आवडेल. साक्षीदार म्हणेल, ‘माझ्या हातात बॅटरी होती,’ आणि संपलं. अनुभवी वकील एवढंच विचारतो : खांब किती अंतरावर होता? दुसरा काही उजेड नव्हता ना? तुमच्या हातात काही नव्हतं ना? साक्षीदार आपली गोष्ट पक्की करण्यासाठी हो म्हणत जातो. वकील खाली बसतो. महावितरणचा कर्मचारी नोंदवही घेऊन साक्षीला येतो तो फार पुढे, कदाचित वर्षभराने. त्या दिवशी कोर्टात टाळ्या वाजण्यासारखं काही घडत नाही, पण निकालपत्रातला एक परिच्छेद तिथे तयार झालेला असतो.

आणि या सगळ्याच्या मुळाशी चुलता आहे. डीपी जळाल्याचं वकिलाला कसं कळणार? तो शहरात राहतो. दोषारोपपत्राची प्रत मिळाली की ती घरी नेऊन वाचा, मोठ्याने वाचा, गाव माहीत असलेल्या माणसाला वाचून दाखवा. घटनास्थळाच्या नकाशात विहीर पूर्वेला दाखवली आहे आणि ती आहे पश्चिमेला, हे तुम्हालाच दिसेल. पंच म्हणून ज्याची सही आहे तो त्या दिवशी पंढरपूरला होता, हेही.

उलटतपासाचं दुसरं मोठं काम अगदी कंटाळवाणं दिसतं. साक्षीदार कोर्टात एखादी महत्त्वाची गोष्ट सांगतो, जी पोलिसांना दिलेल्या जबाबात नाही. वकील विचारतो, ‘हे तुम्ही जबाब देताना सांगितलं होतं का?’ साक्षीदार म्हणतो, ‘सांगितलं होतं, पोलिसांनी का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही.’ इथे काम अर्धंच झालं. पुढे तपासी अंमलदार साक्षीला येतो तेव्हा त्यालाही विचारून घ्यावं लागतं की या साक्षीदाराने तसं सांगितलं नव्हतं, तेव्हाच ती उणीव सिद्ध होते. दुसरी पायरी विसरली की पहिली वाया. म्हणून चांगल्या वकिलाच्या फाइलवर पेन्सिलच्या खुणा असतात, आणि त्याला आवाज किती आहे यापेक्षा त्याने दोषारोपपत्र किती वेळा वाचलंय हे विचारावं. वकील निवडताना एक दिवस सत्र न्यायालयात जाऊन बसा. खुल्या न्यायालयात कुणालाही बसता येतं. कोण तारीख मागतो आणि कोण साक्षीदार हजर असताना त्याच दिवशी उलटतपास घेतो, ते दोन तासांत कळतं. ‘जज आपल्या ओळखीचे आहेत, काम करून देतो’ असं जो म्हणेल त्याला एक पैसाही देऊ नका.

पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. संहितेत ते आता कलम ३५१ आहे, बार रूममध्ये मात्र अजून ‘तीनशे तेरा’च म्हणतात. तिथे ‘खोटं आहे, माहीत नाही’ एवढीच उत्तरं बहुतेक जण देऊन येतात. गप्प राहणं हा हक्क आहे, पण पटण्यासारखं स्पष्टीकरण असेल तर ते द्यायची ही जागा आहे. लेखी निवेदनही देता येतं. त्याआधी वकिलाबरोबर एक संध्याकाळ बसा.

आता त्या प्रश्नाविषयी, जो मला लग्नाकार्यात हमखास विचारला जातो : अशा लोकांची बाजू घेता तरी कशी?

‘अशा’ लोकांमध्ये कोण आहे हे खटला चालल्याशिवाय कळत नाही, म्हणून. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. त्यांनी हल्लेखोरांसाठी हाताने नकाशा काढला आणि तो मेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात सापडला, असा आरोप होता. पँट रक्ताने भिजलेली होती. नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. त्यांच्यातल्या एकाचा खटला लढवणारे वकील शाहिद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून मारलं गेलं. काम दुसऱ्या वकिलांनी पुढे नेलं. मे २०१०मध्ये विशेष न्यायालयाने त्या दोघांना सोडलं, उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं, आणि २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. देश संतापलेला असताना तो कागद नीट पाहणारं कुणी नसतं, तर काय झालं असतं याचा विचार करा.

लोकांना न आवडणाऱ्या माणसाची बाजू घेणं ही आपल्याकडची नवी गोष्टही नाही. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाबद्दल जेधे-जवळकरांना शिक्षा झाली तेव्हा १९२६मध्ये पुण्यात त्यांच्या अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि त्यांना सोडवलं. १९३४मध्ये र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही तेच उभे राहिले, आणि हरले. हरण्याची शक्यता दिसत असूनही उभं राहावं लागतं, तेच हे काम.

तरीही अजून एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर ‘या आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असा ठराव वकील संघ करतात आणि गाव त्याचं कौतुक करतं. २०१०मध्येच सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा आणि रद्दबातल ठरवले आहेत. तुमच्या गावातली मुलगी गेली असेल, तुमचा संताप मला समजतो; मीही या समाजात राहते. पण बचावाशिवाय दिलेली शिक्षा अपिलात टिकत नाही. मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात ज्या दिवशी आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला, त्याच दिवशी दोषारोप ठेवला गेला. दोन आठवड्यांच्या आसपास खटला संपला, फाशी झाली. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी कारवाई रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. ज्या घराचं लेकरू गेलं त्या घराला सगळं परत पहिल्यापासून भोगावं लागलं. न्याय लवकर हवा असेल, तर आरोपीच्या वकिलाला काम करू द्या.

राहता राहिली फी. ‘वकील परवडत नाही’ हे खरं कारण आहे, आणि त्याची किंमत किती असते ते नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्याने दाखवलं. २००३मध्ये एका कुटुंबावर दरोडा, खून आणि बलात्काराचा अमानुष प्रकार घडला. भटक्या समाजातल्या सहा गरीब माणसांना पकडलं, फाशी झाली, २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच ठरवली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. जिवंत वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहा जणांनी सोळा वर्षं तुरुंगात काढली. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. फोटो ओळखल्याची ती गोष्ट खटल्याच्या कागदांत पहिल्यापासून होती.

गरिबीमुळे ही पाळी येऊ नये म्हणून विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आहे. कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसाला त्यात मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारलं जात नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते. गेल्या काही वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथले वकील फक्त आरोपींचा बचाव करतात, पगार प्राधिकरणाकडून घेतात. त्यांनी तुमच्याकडे पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा. ‘फुकटचा वकील काय करणार’ म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवू नका आणि त्यांच्यावर सगळं टाकून घरीही बसू नका. वही, फोटो, हजेरीपुस्तक, डीपीची आठवण त्यांनाही तेवढीच लागते.

जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही, सातबारा नाही, म्हणून आत राहिलेली माणसं पुष्कळ आहेत. अशा माणसाची माहिती सात दिवसांनंतर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितलं आहे. तुम्हीही थेट प्राधिकरणात जाऊन सांगू शकता, अटी शिथिल करण्याचा अर्ज तेच करतं.

प्राधिकरणाच्या मदतीसाठी देशभर चालणारा क्रमांक १५१०० आहे, कुठल्याही फोनवरून लागतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर, तालमीच्या भिंतीवर, बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून घ्या. ग्रामसेवक किंवा मंडळाचे अध्यक्ष ‘याची आपल्याला काय गरज’ म्हणाले, तर पोलीस ठाण्याच्या नंबरशेजारीच तो लिहायला सांगा.